कान झाकणाऱ्या मुलीला जर्मन कसे ऐकवावे?

पत्र: माझी मुलगी साडेचार वर्षांची आहे. तिचे बाबा चाकणच्या एका कारखान्यातून बदली होऊन गेल्या वर्षी जर्मनीला गेले. येत्या ऑगस्टमध्ये आम्ही दोघीही तिकडे जाणार आहोत आणि तिला तिथल्या किंडरगार्टनमध्ये घालायचे आहे. लहान मुले नुसती ऐकून भाषा उचलतात असे सगळेच सांगतात, म्हणून चार महिन्यांपासून मी तिला रोज दोन-अडीच तास जर्मन कार्टून लावून देते आणि रात्री झोपताना जर्मन गाणी. पण ती एक शब्दही बोलत नाही. ‘कुत्र्याला जर्मनमध्ये काय म्हणतात?’ असे विचारले की गप्प बसते, आणि गेल्या आठवड्यापासून रात्री गाणी सुरू झाली की दोन्ही हातांनी कान झाकून घेते. सासूबाई म्हणतात, पोरीला आधी मराठी धड येऊ द्या. मी स्वतः ए-वनच्या, म्हणजे जर्मनच्या अगदी पहिल्या पातळीच्या, वर्गाला जाते, पण माझे जर्मन यथातथाच आहे. माझे काय चुकते आहे?
– एक आई, पिंपरी-चिंचवड

उत्तर:

तुमच्या पत्रातली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट म्हणजे तुमच्या लेकीचे कान झाकणे. चार महिने निमूटपणे सगळे सोसल्यावर ती आता हाताने सांगते आहे की हा आवाज तिच्या लेखी भाषा नसून गोंगाट आहे. तेव्हा रात्रीची गाणी आजपासूनच बंद करा आणि त्या वेळात तिला मराठीत गोष्ट सांगा. त्याने जर्मनचे काही बुडणार नाही.

‘ऐकून भाषा येते’ असे ज्यांनी तुम्हाला सांगितले त्यांनी खोटे सांगितले नाही, पण अर्धेच सांगितले. सोलापुरात एका भिंतीपलीकडे आयुष्यभर कानडी बोलले जात असूनही ज्यांना कानडी येत नाही अशी मराठी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. आणि त्याच भिंतीपलीकडे खेळायला जाणारे पाच वर्षांचे पोर मात्र ‘बा इल्ली’, म्हणजे इकडे ये, म्हटल्याबरोबर धावत जाते आणि काही महिन्यांनी स्वतःच तसे हाक मारू लागते. दोघांच्याही कानावर पडले ते सारखेच. फरक एवढाच की पोराला कोणीतरी बोलावत होते, आणि आपल्याला का बोलावताहेत हे कळण्यात पोराचा स्वार्थ होता. भिंतीअलीकडच्या मोठ्या माणसांना मात्र कोणीच बोलावत नव्हते.

हे केवळ माझे निरीक्षण नाही. अमेरिकेत सिएटल येथे पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग 2003 साली प्रसिद्ध झाला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील 9 महिन्यांच्या बाळांना सुमारे 4 आठवड्यांत 12 वेळा, दर वेळी 25 मिनिटे, मँडरिन चिनी ऐकवण्यात आली. एका गटासमोर मँडरिन बोलणारी माणसे प्रत्यक्ष बसली, त्यांनी पुस्तके दाखवली, खेळणी हातात दिली. दुसऱ्या गटाला तीच माणसे पडद्यावर दिसली. तिसऱ्या गटाला फक्त आवाज ऐकू आला. प्रत्यक्ष माणसांशी खेळलेली बाळे मँडरिनमधला, पण इंग्रजीत नसलेला एक ध्वनिभेद ओळखू लागली. पडद्याच्या आणि नुसत्या आवाजाच्या गटांतील बाळांच्या कानावर तेवढेच तास मँडरिन पडूनही ती त्या भाषेपासून जणू दूरच राहिली होती. अर्थात ती बाळे होती आणि तुमची मुलगी साडेचार वर्षांची आहे. या वयाचे मूल पडद्यावरून काही शब्द उचलू शकते, विशेषतः शेजारी मोठे माणूस बसून त्याच्याशी बोलत असेल तर. पण तुम्ही लिहिता की कार्टून ‘लावून देते’, म्हणजे तेवढ्या वेळात तुम्ही बहुधा स्वयंपाकघरात असता, आणि त्याबद्दल तुम्हाला बोल लावण्याचा मला अधिकार नाही. मात्र पाच वर्षांखालील मुलांचा पडद्यासमोर बसून जाणारा वेळ दिवसाला एक तासाहून अधिक नसावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली सांगितले आहे, आणि भाषेचा लाभ नसताना तो अडीच तासांवर नेण्याचे काही कारण मला दिसत नाही.

आता ‘लहान मुले स्पंजसारखी भाषा शोषून घेतात’ या म्हणण्याविषयी, कारण तुमच्या घालमेलीचे मूळ मला तिथेच दिसते. लहान मूल परकी भाषा मोठ्यांपेक्षा झपाट्याने शिकते, हा समज आपल्याकडे इतका पक्का आहे की मूल चार महिन्यांत बोलले नाही तर आईला वाटते, मुलात तरी काही उणे आहे किंवा आपल्यात तरी. कॅथरीन स्नो आणि मारियान हुफनागेल-होले यांनी नेदरलँड्समध्ये राहायला आलेल्या इंग्रजी भाषकांचा अभ्यास करून 1978 साली जे मांडले ते नेमके याच्या उलट आहे. पहिल्या काही महिन्यांत डच सर्वांत वेगाने शिकली ती 12 ते 15 वर्षांची मुले, आणि सर्वांत मागे होती ती 3 ते 5 वर्षांची. लहानग्यांचा खरा लाभ लांब पल्ल्याचा असतो, आणि तो त्या भाषेत वर्षानुवर्षे राहिल्यानेच पदरात पडतो. तुमची मुलगी ऑगस्टमध्ये तिकडे पोहोचेल तेव्हा पाच वर्षांची असेल आणि जर्मनीत शाळा साधारणतः सहाव्या वर्षी सुरू होते, म्हणजे तिच्या हाताशी किंडरगार्टनचे जवळपास एक वर्ष आहे. जर्मन ती तिथे शिकेल. इथल्या सात महिन्यांत तुम्हाला फक्त तिचा कान तयार करायचा आहे. गाणे शिकायला बसलेल्या मुलाला गुरुजी पहिल्याच दिवशी तान घ्यायला सांगत नाहीत, तसेच हे आहे.

कान तयार होणे म्हणजे काय, हे मी स्वतः एक चूक करून शिकले. जर्मन शिकवायला लागले त्या पहिल्याच वर्षी माझ्याकडे सहा-सात वर्षांच्या मुलांचा एक सुट्टीतला वर्ग आला. मी हौसेने चित्रपत्ते केले आणि तीन आठवड्यांत मुलांनी चाळीस प्राण्यांची नावे मुखोद्गत केली, अगदी ‘साळिंदर’सुद्धा; आणि पालकांसमोर कार्यक्रम झाला तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. त्याच दिवशी पाहुण्या म्हणून आलेल्या एका जर्मन बाईंनी एका मुलाला सहज, हसत, दार लावून घेशील का असे विचारले. मुलगा तिच्या तोंडाकडे पाहत राहिला, मग माझ्याकडे पाहिले, आणि जरा विचार करून म्हणाला, ‘हुंट.’ म्हणजे कुत्रा. तुमच्या लेकीला तुम्ही नेमका तोच कुत्रा विचारता, म्हणून हा प्रसंग सांगितला. नाव सांगता येणे आणि समोरच्याला काय हवे आहे ते कळणे या निराळ्या गोष्टी आहेत, आणि किंडरगार्टनमध्ये तिला पहिल्या दिवसापासून गरज पडणार आहे ती दुसरीची.

या दुसऱ्या गोष्टीसाठी एक जुनी, साधी आणि लहान मुलांना अतिशय मानवणारी रीत आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनी 1960 च्या दशकात ती मांडली. सांगणाऱ्याने आज्ञा करायची, ऐकणाऱ्याने अंगाने ती पाळायची, आणि बोलण्याची सक्ती कोणावरही नाही. तुमच्या स्वयंपाकघरात ती अशी चालेल: ओट्यावर एक चमचा, एक कप आणि एक बटाटा ठेवा. ‘वो इस्ट देर ल्योफल?’, म्हणजे चमचा कुठे आहे, असे विचारा आणि तुम्हीच इकडेतिकडे शोधल्यासारखे करून तो उचला. दुसऱ्यांदा विचाराल तेव्हा बहुधा तीच उचलेल. मग ‘लेग देन ल्योफल उंटर देन टिश’ म्हणत चमचा टेबलाखाली ठेवून दाखवा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मुद्दाम चुका. चमचा मागून बटाटा उचला आणि तिला हसू द्या, कारण तुमची चूक पकडून ती हसली तर तिला वाक्य कळले याचा याहून चांगला पुरावा नाही. पंधरा मिनिटे पुरेत, फार तर दिवसातून दोनदा, आणि तिला कंटाळा येण्याच्या जरा आधीच थांबा. तुमच्या ए-वनच्या वर्गात सध्या ‘देर’चा ‘देन’ केव्हा होतो याचे तक्ते सुरू असतील आणि ते पाठ करताना तुम्ही मेटाकुटीला आल्या असाल. तिला त्यातला एकही तक्ता दाखवू नका. चमचा कुठे आहे विचारताना एक रूप आणि तो ठेव म्हणताना दुसरे, हे तिच्या कानावर वस्तूसकट शेकडो वेळा गेले की तिचे व्याकरण तिथेच सुरू होते.

इथे तुमची अडचण येते ती उच्चारांची, आणि ती खरी आहे. परभाषेचे सूक्ष्म ध्वनिभेद ओळखण्याची बाळांची क्षमता फार लवकर आपल्या भाषेपुरती आकसते. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीझ यांचा 1984 सालचा गाजलेला अभ्यास तर आपल्या घरचाच आहे. हिंदीतला ‘त’ आणि ‘ट’ यांतला फरक इंग्रजी घरांतील 6 ते 8 महिन्यांच्या बाळांना ओळखता येत होता आणि वर्षाची होता होता त्यांतल्या बहुतेकांचा तो हरवला होता. तुमच्या मुलीचा कान मराठीवर घडला आहे, म्हणून जर्मनच्या ‘ल्योफल’मधला तो स्वर, जो ओठ ‘ओ’साठी गोल करून आतून ‘ए’ म्हटल्यावर निघतो, तिला सुरुवातीला ‘ए’ किंवा ‘ओ’च ऐकू येईल. मी तो देवनागरीत ‘ल्यो’ लिहिला हीसुद्धा तडजोडच आहे, आणि तुम्ही वहीत लिहून ठेवलेले देवनागरी उच्चार तिच्यासमोर वाचत बसू नये असे मी म्हणते ते यासाठीच. आठवड्याची सात-आठ वाक्ये तुमच्या शिक्षिकेकडून, किंवा शक्य असल्यास मूळ जर्मन भाषकाकडून, फोनवर ध्वनिमुद्रित करून घ्या, ती तुम्ही स्वतः आधी दहा वेळा ऐका, आणि खेळताना आवाज फोनचा, चमचा तुमच्या हातात, असेही चालू द्या. मराठी कानाला काही गोष्टी फुकट मिळतात, त्यांचाही आनंद घ्या. जर्मन ‘झेड’ हा अक्षरशः चाकणमधला ‘च’ आहे, चहामधला नव्हे. त्यामुळे साखरेसाठीचा त्यांचा ‘चुकर’ आणि दहासाठीचा ‘चेन’ म्हणताना इंग्रज माणूस जिथे अडखळतो तिथे तुमची लेक सहज निघून जाईल.

तिचे बाबा तिकडे आहेत, याचा तुम्ही पत्रात केवळ बदलीपुरता उल्लेख केलात. मला मात्र तो तुमच्या हातातला हुकमी पत्ता वाटतो. दोन ते अडीच वर्षांची मुले नवी क्रियापदे ध्वनिमुद्रित दृश्यफितीतून शिकत नाहीत, पण समोरचा माणूस खरोखर आपल्याशी बोलतो आहे अशा व्हिडिओ-कॉलवरून शिकतात, असे अमेरिकेतील एका प्रयोगात 2014 साली दिसले आहे. पडदा तोच, पण पलीकडचा माणूस तिच्या हसण्यावर हसतो आणि तिची वाट पाहतो. बाबांचे जर्मन कामचलाऊ असेल तरी हरकत नाही. त्यांनी रोजच्या कॉलमध्ये पाच मिनिटे आपल्या घरातल्या वस्तू दाखवाव्या, टोपी डोक्यावर, टोपी नाकावर, टोपी खिडकीबाहेर असे प्रकार जर्मनमध्ये करावे, आणि उरलेला वेळ नेहमीप्रमाणे मराठीत बोलावे. शेजारचे कोणी जर्मन आजी-आजोबा एखाद्या रविवारी दोन मिनिटे कॉलवर यायला तयार झाले, तर तुमच्या अडीच तासांच्या कार्टूनपेक्षा ती दोन मिनिटे भारी ठरतील.

कार्टून अगदीच तोडू नये असे वाटत असेल तर आठवड्यातून एकदा, अर्धा तास, दोघी मिळून ‘डी झेंडुंग मिट डेर माउस’ पाहा. 1971 पासून चालत आलेला हा उंदराचा कार्यक्रम जर्मनीत मुलांच्या तीन पिढ्यांनी पाहिला आहे. त्यातला उंदीर आणि हत्ती बोलतच नाहीत, म्हणून त्यांच्या करामतींवर तुम्ही खुशाल मराठीत बडबड करू शकता. शिवाय सुरुवातीला ‘आज काय पाहायचे’ हे जर्मनमध्ये सांगून झाले की तेच पुन्हा एखाद्या परक्या भाषेत सांगतात आणि मग ती कोणती भाषा होती ते उघड करतात. सत्तरच्या दशकात तुर्कस्तान, इटली, स्पेनमधून आलेल्या कामगारांच्या मुलांना त्या देशात आपली भाषा तेवढीच ऐकू यावी, ही त्यामागची भावना होती. आपल्याला काही कळत नाही अशी पाळी त्या अर्ध्या मिनिटापुरती जर्मन मुलांवरही येते, हे तिला जरूर दाखवा.

तिच्या गप्प राहण्याची काळजी सोडा, असे मी नुसते म्हणणार नाही, तर ते वाढण्याची तयारी ठेवा असे म्हणेन. नव्या भाषेच्या बालवाडीत गेलेली मुले आधी काही दिवस आपल्याच भाषेत बोलून पाहतात, त्याचा उपयोग होत नाही हे कळले की बोलणेच थांबवतात, आणि कित्येक आठवडे, कधी काही महिने, नुसती पाहत, खुणा करत आणि ऐकत राहतात. त्यानंतर येतात ती सुटी वाक्ये, तीही अख्खी उचललेली. या काळात मूल शिकते आहे की नाही हे ओळखायचे तर त्याचे हातपाय पाहा. सांगितलेले करते का, इतर मुले उठली की उठते का, की त्यांच्याही आधी उठते. आणखी एक खूण लक्षात ठेवा. ती बाहुलीशी खेळताना, कोणाचे लक्ष नाही असे वाटून, कसलेही शब्द नसलेले पण जर्मनसारखे ठेक्यात आदळणारे काहीतरी बडबडू लागली, तर हसू नका आणि दुरुस्तही करू नका. भाषेचा सूर कानात आधी बसतो. 2009 साली वुर्त्सबुर्ग येथील संशोधकांनी 30 जर्मन आणि 30 फ्रेंच नवजात बाळांचे रडणे तपासले तेव्हा फ्रेंच बाळांच्या रडण्याचा सूर चढत जाणारा आणि जर्मन बाळांचा उतरत जाणारा आढळला. आईच्या बोलण्याचा ठसा पोटातूनच घेऊन ती आली होती. तुमच्या मुलीच्या कानात मराठीचा सूर आहे, त्याशेजारी दुसरा बसायला वेळ लागणार. मात्र ती मराठीतही बोलेनाशी झाली, किंवा मागून मारलेली हाक तिला ऐकू जात नाही असे वाटले, तर ते या शांततेत मोडत नाही; तेव्हा आधी कान तपासून घ्या.

सासूबाईंच्या म्हणण्यातले निम्मे मला पटते. एक भाषा पुरी झाल्याशिवाय दुसरी सुरू करू नये असा काही नियम नाही, आणि तसा असता तर बेळगाव-निपाणीकडची निम्मी मुले मुकीच राहिली असती. पण घरात मराठी भरपूर आणि चांगली हवी हे त्यांचे म्हणणे जर्मनीला गेल्यावर तर अधिकच खरे ठरेल. तिकडे काही पालक मुलाला लवकर यावे म्हणून घरातही मोडके जर्मन बोलू लागतात. मुलाला जर्मन बाहेर अस्सल मिळते आणि घरात मिळते ते आपल्या चुकांसकट, आणि ‘का रुसलीस?’ असे विचारायला आईकडे धड भाषाच उरत नाही. गोष्ट ऐकून पुढे काय होईल याचा अंदाज बांधणे, एकाच वेळी दोन सूचना लक्षात ठेवणे हे तिने आजीच्या मराठीत कमावले की जर्मनमध्ये ते नव्याने कमवावे लागत नाही. तेव्हा रात्रीची गोष्ट आजीकडे सोपवा. जाण्याआधी त्यांच्या आवाजातल्या वीस-पंचवीस गोष्टी मुद्रित करूनही ठेवा.

किंडरगार्टनची जागा बाबांनी आतापासून शोधावी, कारण हक्क कायद्याने असला तरी जागांचा तुटवडा आहे. जून-जुलैमध्ये खेळातला विषय हळूहळू स्वयंपाकघरातून तिकडच्या दिनक्रमाकडे न्या. तिथे शिरताना बूट काढून घरातले जोडे घालतात, त्यांना ‘हाउसशूअ’ म्हणतात, डब्याला ‘ब्रोटडोझं’, सकाळी सगळे गोल करून बसतात तो ‘मॉर्गनक्राइस’, आणि ‘आउफरॉयमन’ म्हटले की पसारा आवरायचा. हे शब्द तिने म्हणायची गरज नाही, ऐकल्यावर काय करायचे ते कळले की झाले. तोंडाने येणारी तीनच वाक्ये मी आग्रहाने करून घेईन: शूला जायचे आहे यासाठी ‘इश मुस माल’, कोणी ढकलले तर ‘श्टॉप’, आणि खेळायला घ्या यासाठी ‘डार्फ इश मिटश्पीलन’.

सुरुवातीचे काही दिवस आईवडिलांपैकी एकाने मुलासोबत तिथे बसायचे आणि मग हळूहळू वेळ कमी करत जायचे, अशी बहुतेक ठिकाणी पद्धत असते. त्या दिवसांत तिथल्या बाईंना रोमन लिपीत एक चिठ्ठी द्या. तिच्यावर शू, पाणी, आई, दुखतंय, नको आणि घरी एवढे सहा शब्द त्यांच्या अर्थासह लिहा, आणि प्रत्येक शब्द तुमच्या लेकीकडून त्यांना एकेकदा ऐकवा.